बोटमिस्त्री

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, उद्यावर टाकलं तर माझ्याच्यानं होणार नाही. सकाळी कॉलेजात एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तुझ्या मामाला बोटमिस्त्री म्हणायचे ना? नदीवर मोटरबोट आणली म्हणून?" आणि मी हो म्हणून मोकळी झाले. दिवसभर तेच टोचतंय, कारण ते खरं नाही. मामाला ते नाव पाण्यातल्या बोटीवरून नाही, हाताच्या बोटावरून पडलं होतं. पाण्यातली बोट कितीतरी वर्षांनी आली.

मामा कोल्हापुरात शिवाजी पेठेत विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. दिसेल त्या भोकात बोट घालायची त्याला सवय. करंगळी म्हणजे चार सूत, तिच्याशेजारचं बोट पाच सूत, अंगठा सात सूत. चारही बोटं एकत्र आवळून नळीत घट्ट बसली की दोन इंच. आठ सुतांचा इंच, एवढंच गणित त्याला यायचं आणि तेवढं पुरायचं. पाहुण्यांकडं गेला तरी चहाच्या कपाच्या कानात बोट घालून म्हणायचा, "पाच सूत. कप झ्याक हाय." मामी म्हणायची, "चहा कसा हाय ते सांगा की." तर म्हणायचा, "त्ये माझ्या मापात बसत न्हाय."

एकदा एक गिऱ्हाईक स्वतःची पट्टी घेऊन आलं. मामानं ती हातात सुद्धा घेतली नाही. म्हणाला, "पावणं, लाकूड पावसात फुगतं, लोखंड तापलं की वाढतं. माणसाचं बोट हाय तसं ऱ्हातंय." आणि खरंच, नळी घेऊन गेलेलं माणूस कधी तक्रार घेऊन परत आलं नव्हतं.

आमचं गाव पंचगंगेच्या पलीकडं. पावसाळ्यात पाणी चढलं की चारी बाजूंनी वेढा. मग गुळाची काईल, म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई, पाण्यात सोडायची, माणसं आत बसवायची आणि चार पोहणारे ती ढकलत अलीकडं आणायचे. मामाच्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आईचं हे सासर. दरवर्षी त्याचा जीव टांगणीला. शेवटी त्यानं ठरवलं, बोट करायची. लष्करी भंगारातलं एक इंजिन त्यानं आणलं, त्या वर्षी आमच्याकडंच येऊन राहिला आणि उन्हाळाभर त्याच्याशी झटला.

इंजिनाच्या धुराचं तोंड दोन इंची. तसं वरच्या पत्र्यावरच कोरलेलं होतं. धूर आणि इंजिन थंड करून तापलेलं पाणी बाहेर सोडायला दोन इंची रबरी नळी दुकानातून मापून आली. राहिला सायलेन्सर. मामाचं पक्कं मत होतं, "आत घ्यायला समदे शिकिवत्यात, भाईर सोडायला कोण शिकिवत न्हाय. इंजिनाचं तोंड जेवढं, तेवढीच नळी आन् तेवढाच सायलेन्सर. एक सूत कमी केलं की इंजिन गुदमारतंय." भंगारात पंधरा-वीस सायलेन्सर होते. प्रत्येकात चार बोटं घालून बघितली आणि एक निवडला. "दोन इंच. बरोब्बर."

बसवताना मात्र रबरी नळी सायलेन्सरच्या गळ्यावर ढिली पडली. मी तिथंच होते. म्हटलं, "मामा, पट्टीनं बघ की एकदा."

"रबर सैल पडलंय. दुकानदारानं जुना माल दिला."

"आणि सायलेन्सरच बारीक असला तर?"

"माझं बोट खोटं बोलतंय व्हय गं?" म्हणाला आणि खोकत बसला. त्या वर्षी तो सारखा खोकायचा. धुराचा खोकला म्हणायचा आणि आम्ही सगळे ते धरून चाललो होतो. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून त्यानं तो सांधा भरला आणि वर क्लिप आवळली. रिकामी बोट दोन फेऱ्या मारून आली. गावानं नारळ फोडला. तेव्हापासून बोटमिस्त्री म्हटलं की लोक हीच बोट समजायला लागले.

श्रावणात पूर आला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, कळा सुरू झाल्या. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, पोर आडवं हाय, कोल्हापूरच्या दवाखान्यात न्या, दुपारच्या आत. काठावर काईल तयार होती, पोहणारे तयार होते, आणि मामाची बोटही होती. बाबांनी मामाकडं बघितलं.

मामा म्हणाला, "काईल तासभर घेतीय. मी दहा मिनटात न्हेतो."

ताई कण्हत म्हणाली, "मामाच्या बोटीतनंच जातो मी."

आम्ही आठ जण बसलो. मधल्या धारेला बोट लागली आणि इंजिनाचा आवाज जड झाला, कुणी तोंड दाबल्यासारखा. मामानं जोर वाढवला. सायलेन्सरवरची नळी फाडकन निसटली. काळा धूर आणि कढत पाणी आमच्या अंगावर आलं. मामा उघड्या हातानं नळी परत दाबत होता, हात भाजत होते तरी सोडत नव्हता. मग इंजिन बंदच पडलं. बोट वाहत गेली आणि बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत अडकली. काईल घेऊन पोहणारे आमच्यापर्यंत पोचले तेव्हा दुपार कलली होती. त्या अख्ख्या वेळात मामा एकच म्हणत होता, "दोनाला दोन हाय. दोनाला दोन हाय."

ताई वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

आठ दिवसांनी पाणी उतरल्यावर मामा बोटीपाशी गेला. सोबत मी होते, कारण त्याला एकट्याला सोडू नको असं आईनं बजावलं होतं. हाताला पट्ट्या होत्या, त्या त्यानं सोडल्या. सायलेन्सरमध्ये चार बोटं घातली, घट्ट बसली. माझ्याकडं बघितलं. मग तीच बोटं इंजिनाच्या तोंडात घातली. तिथं त्यानं ती कधी घातलीच नव्हती, दोन इंच लिहिलेलंच होतं ना. आत बोटं खुळखुळली.

"इंजिन वाढलं काय गं?" असं हसून म्हणाला आणि हसतानाच त्याचं तोंड वाकडं झालं. मी पट्टी आणली. सायलेन्सर दोन सूत कमी भरला. मामा चिखलात खाली बसला. "न्हाय. बोटंच वाळली माझी."

क्षय होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्ष-दीड वर्षापासून तरी असणार. वर्षभर तो आमच्यासमोर झिजत होता, आमच्यातच जेवत होता.

शेवटी शेवटी ताई त्याला भेटायला मिरजेच्या दवाखान्यात गेली. मी पण गेले. ताईला बघितल्यावर त्यानं दोन्ही हात घोंगडीखाली घेतले. ती म्हणाली, "मामा, हात दे." तो मान हलवत राहिला. तिनंच घोंगडीत हात घालून त्याचा हात बाहेर ओढला. त्याची चारही बोटं तिच्या एका मुठीत मावली. चारच दिवसांत तार आली.

तुमच्या घरी झालंय का असं? रोज ताटाला ताट लावून जेवणारं माणूस डोळ्यांदेखत संपत गेलं, आणि त्याच्याच मापातल्या चुका मोजत बसल्यामुळं तुम्हाला ते दिसलंच नाही, असं?