सेटवरचं इंग्रजी

आमची चौकी उत्तरेकडच्या बर्फात होती. कमांडर साहेबांचा हुकूम होता: वायरलेस सेटवर रिपोर्ट इंग्रजीतच. म्हणून चहानंतर उस्ताद आमचा इंग्रजीचा तास घ्यायचे. सेट सांभाळणारा नाईक मिलिंद हडपसरचा. त्याला उपमांचा भारी सोस.

"स्नो इज लाइक शुगर, उस्ताद."

"साखर चहात घाल," उस्ताद खेकसायचे. "सेटवर कोण, काय, कुठे. बस."

मिलिंद हसायचा. पण सेटवर वाक्य चोख द्यायचा.

एका दुपारी तो आणि शिपाई जाधव छोटा सेट घेऊन तुटलेली टेलिफोन लाइन जोडायला उतरले. बर्फाचा कडा कोसळला. चौकीच्या सेटवर मी होतो.

"स्नो फेल. जाधव इज डेड. माय लेग इज ब्रोकन. आय ॲम अंडर ब्लॅक रॉक. ओव्हर."

पायी निघालेली पार्टी वाऱ्याने परत फिरवली. मी खाली बेसकडे हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, "वेदर बॅड. टेल हिम, होल्ड ऑन लाइक अ लायन. ओव्हर."

बोलणारा हिटरजवळ बसला असणार. मी निरोप जसाच्या तसा दिला. सेट थोडा वेळ खरखरला.

"आय ॲम नॉट लायन. आय ॲम कोल्ड. ओव्हर."

त्यानंतर सेट बोलला नाही. सकाळी आम्ही त्याला बाहेर काढलं.

यंदा कर्वेनगरच्या एका कॉलेजने मिलिंदच्या नावाने इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा ठेवली. मी पाहुणा. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी त्याची आई, पांढऱ्या साडीत, अंगावर सत्काराची शाल. आमची ही पहिलीच भेट. पहिल्या नंबराची मुलगी म्हणाली, मिलिंद सिंहासारखा गरजला आणि लहान मुलासारखा बर्फाच्या कुशीत झोपला. टाळ्या पडल्या. प्राध्यापक म्हणाले, "अहो, काय फिगर ऑफ स्पीच आहे!"

माझं डोकं फिरलं. त्या कुशीतून त्याला आम्ही फावड्याने खणून काढलं होतं.

आई माझ्याकडे वाकल्या. "दादा, तुमी व्हता ना तितं? शेवटाला काय बोलला त्यो?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. "सर, थोडं इन्स्पायरिंग बोला," प्राध्यापक कुजबुजले.

मी माइकवर मिलिंदची शेवटची दोन वाक्यं म्हटली, त्याचीच आहेत म्हणून सांगितलं आणि खाली आलो. टाळी एकही पडली नाही. प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं.

आईंनी अर्थ विचारला नाही. कोल्ड हा शब्द हडपसरात दर दुसऱ्या दुकानावर लिहिलेला असतो. त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"तवा पायजे व्हती," म्हणाल्या.