ओल्या तंतूंवरची सही

शहागंजच्या बाजारात नातीच्या वाढदिवसासाठी चंदेरी झिरमिळ्या निवडताना काही एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या, आणि कितीतरी वर्षांपूर्वीचा संताप पुन्हा अंगात चढला.

तेव्हा मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला होते. युद्धनौकेवर क्षेपणास्त्र चालून आलं की हवेत उडवायच्या नळकांड्यांत आम्ही केसाएवढे चंदेरी तंतू भरायचो. त्यांचा ढग पसरला की क्षेपणास्त्र त्यालाच जहाज समजून तिकडं वळतं. त्या दिवशीचे तंतू ओलीनं चिकटले होते. माझ्या शेजारी तपासणीला बसणाऱ्या सुशीलाअक्कांनी मूठभर तंतू पंख्यापुढं सोडले. ते गोळा होऊन खाली पडले.

"साहेब, ह्याचा ढग व्हायचा नाय," अक्का आमच्या विभागाच्या साहेबांना म्हणाल्या.

"उडवायची वेळच कुठं येती? माल ठीक म्हणून सही करा."

"जहाजावर माणसं हायेत. मी नाय करणार."

साहेबांनी त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.

तेव्हा नोकरी वाचल्याचं बरं वाटलं होतं. ती नळकांडी कुठल्या जहाजावर गेली, मला आजही माहीत नाही. साहेबांची चीड येतेच. पण अक्का डबा उचलून निघाल्या तेव्हा मी मान खाली घालून बसले, त्याची चीड जास्त येते.