चिंधी बांधलेलं तवसं

"जातंय कुठं?"

काही हरवलं, पडलं, सांडलं, की पलीकडच्या काकी हे दोन शब्द आधी म्हणत आणि मग पदर खोचून शोधायला लागत. एकदा दोर तुटून त्यांची कळशी विहिरीत गेली. मी घाबरून ओरडले. काकींनी वाकून आत पाहिलं. "जातंय कुठं? विहिरीतच आहे ना? बाहेर पळाली असती तर काळजी." एकदा कावळ्याने त्यांचा पितळी चमचा उचलून नेला. त्यावरही तेच. "कावळा काय बोटीत बसून मुंबईला चाललाय? जातंय कुठं?" चौथ्या दिवशी चमचा आमच्या माडाखाली सापडला. काकींनी तो धुतला, पदराला पुसला आणि त्यानेच आमटी ढवळली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्या शेजारी राहतो, रोज पाहतो, आणि एखाद्या दिवशी आपल्याला कळतं की आपण काहीच पाहिलेलं नव्हतं. मला ते ज्या दिवशी कळलं त्याची ही हकीकत.

मांडवी बंदराकडून वर येणाऱ्या पाखाडीला, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेला, आमची दोन घरं. मध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. काका बंदरात पडावावर होते. आगबोटीतली माणसं किनाऱ्याला आणायची. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत. माझे यजमानही मुंबईलाच. घरी सासूबाई आणि मी. मी सावर्ड्याकडची, चौथी शिकलेली, पण चारचौघांत तोंड न उघडणारी. सासूबाईंना मी मानेनेच हो-नाही सांगत असे. काकींपुढे तेवढीही गरज नव्हती. दोघींच्या वाटचं त्याच बोलत.

त्यांच्या परसाला जमीन म्हणावी तर ती नव्हतीच. खाली सगळा कातळ, वर वीतभर माती. त्या मातीला काकी चुलीची राख घालत, मासळी धुतलेलं पाणी घालत, पाखाडीवरचा पालापाचोळा गोळा करून घालत. पाऊस सरून आश्विनाचं ऊन पडलं की तिथे काय काय दिसायचं! झेंडू, अळू, दोडके. टोकाला दगड बांधलेली पडवळं मांडवातून सरळ खाली लोंबत. माझ्या उंचीचं पडवळ मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. आणि तवशाचा वेल. तवसं म्हणजे आमची मोठी पावसाळी काकडी. तो वेल गडग्यावर चढे, तिथून आमच्या न्हाणीच्या छपरावर येई आणि अर्धी फळं आमच्याकडेच धरी.

"वेलाला गडगा कळत नाही गो," काकी म्हणत. "तुमच्या बाजूचं तुमचं. तुम्ही विचारू नका, आम्ही बघणार नाही."

दसऱ्यानंतर त्यांचे हात परसातून ओटीवर येत. माडाच्या झावळ्यांच्या हिरांच्या केरसुण्या बांधणं सुरू होई. लक्ष्मीपूजनाला पाखाडीवरच्या प्रत्येक घरात त्यांचीच नवी केरसुणी असे. बांबूच्या काड्या तासून आकाशकंदील. काथ्याचा सुंभ वळून शिंकाळी. त्यांच्या शिंकाळ्याला गाठ असे, पण ती कुठे आहे ते शोधून सापडत नसे. त्यांच्या स्वयंपाकघरात आढ्याला असंच एक शिंकाळं कायम टांगलेलं होतं आणि त्यात एक पिकून तांबूस झालेलं तवसं असे. मी समजत होते, खायला राखून ठेवलंय.

माझ्या लग्नानंतरचं दुसरं वर्ष. त्या पावसाळ्यात वांदरांनी काकींचं परसू लुटलं. मांडव मोडला, त्यांच्या बाजूचा वेल ओरबाडून टाकला. गडग्यावरून आमच्याकडे आलेला तेवढा फाटा जगला आणि आमच्या छपरावर एकच मोठं तवसं पिकत राहिलं. त्याच्या देठाला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

भाऊबीजेला माझा भाऊ सावर्ड्याहून यायचा होता. लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाई नेमक्या बाजूला बसलेल्या, मागच्या पडवीत. चूल माझ्या एकटीच्या ताब्यात. आमची आई दिवाळीला पिकल्या तवशाचं धोंडस करायची. तवसं किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून, हळदीच्या पानांवर थापून, खाली-वर निखारे ठेवून. भावाला तेच खाऊ घालायचं माझ्या मनात आलं. सासूबाईंना विचारावं, तर पडवीपर्यंत जाऊन तोंड उघडावं लागलं असतं. मी शिडी लावली.

चिंधी मला दिसली होती. आमच्या गावी दृष्ट लागू नये म्हणून चांगल्या फळाला चिंधी बांधतात. मला वाटलं, सगळ्यांत चांगलं हेच, म्हणून काकींनी बांधली असेल. मी ती जपून सोडली, घडी करून फडताळात ठेवली आणि तवसं चिरलं. आतला गर बियांसकट काढून कपिलीपुढे, म्हणजे आमच्या गाईपुढे, ठेवला. तिने घमेलं चाटून लख्ख केलं.

भाऊ आला, जेवला, दोनदा मागून खाल्लं. मग मी हळदीच्या पानावर एक तुकडा घेऊन गडग्यापाशी गेले. काकी केळीखाली उभ्या होत्या.

"धोंडस? तू केलंस? तवसं कुठलं गो?"

मी छपराकडे बोट दाखवलं.

काकींनी तिकडे पाहिलं. छपरावर नुसती पानं होती. त्यांनी तुकडा उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. सगळा खाल्ला. पानाला चिकटलेला कणसुद्धा बोटाने पुसून घेतला. मग म्हणाल्या, "गूळ थोडा जास्त झालाय. बिया कुठं आहेत?"

"कपिलीला," मी म्हणाले.

"कधी?"

"सकाळी."

"मग जातंय कुठं?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि कमरेइतका तो गडगा, त्या वयात, पाय टाकून ओलांडला. त्या सरळ आमच्या गोठ्यात जाऊन कपिलीच्या मागे पाट घेऊन बसल्या.

पडवीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगो, काय झालं? ही गोठ्यात कशाला बसलीय?"

मी पडवीजवळ जाऊन कसंबसं सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "चिंधी बांधलेलं काढलंस? अगो, ते बियाण्याचं! ते तिचं माहेर गो!"

मग त्यांनी सांगितलं. मानमोडीच्या तापात, त्या मोठ्या साथीत, काकींच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं. आई, बाप, दोन भाऊ, एक भावजय, सगळी एका महिन्यात गेली. काकी पोचल्या तेव्हा घराला बाहेरून कडी होती. आतलं भांडंकुंडं कुणी कुणी नेलेलं. आढ्याला आईने बियाण्याचं तवसं टांगलेलं होतं, ते मात्र कुणी नेलं नव्हतं. ते पोटाशी धरून काकी चालत परत आल्या. तेव्हापासून दर वर्षी त्याचंच बी. एक पिकलेलं फळ पुढच्या वर्षासाठी टांगायचं, ते पेरलं की नवं. आदल्या वर्षीचं सगळं बी त्यांनी पेरलं होतं. आता त्या बियाण्याचं जगात दुसरं काही नव्हतं. जे होतं ते कपिलीच्या पोटात.

भाऊ ओटीवर पान खात बसला होता. "ताई, त्या बाई गाईशी बोलतायत," तो हसत म्हणाला. मला रडू फुटलं तसा तो उठून उभा राहिला.

काकी खरंच कपिलीशी बोलत होत्या. "सावकाश हो बाय. घाई नाय मला."

तीन दिवस आमच्या घरी गोवरी थापली गेली नाही. काकी सगळं शेण वेगळ्या टोपलीत घेत, विहिरीवर नेत आणि आपल्या तांदूळ धुवायच्या रोवळीत घालून पाणी ओतत ओतत धूत. पाखाडीवरून जाणाऱ्या बायका थांबून बघत.

"काकी, या रोवळीतला भात कुणाला वाढणार गो?"

"तुला. पुढल्या गणपतीला ये," काकी मान वर न करता म्हणत.

मी त्यांच्यासमोर बसून पाणी ओतत होते. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आयुष्यात मी कुणाला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. "काकी, मला शिव्या का देत नाही?"

त्या रोवळी हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आई माझी धोंडस करायची. ती गेल्यापासून मी कधी केलं नाय. पिकलेलं चिरायला हातच होत नसे. बियाणं, बियाणं करत टांगून ठेवायची नि बघत बसायची." त्यांनी रोवळीतून एक बी चिमटीत उचललं, उन्हात धरलं. "काल खाल्लं. तीच चव. तू चिरलंस म्हणून."

देवळात मी पुष्कळ वेळा हात जोडले आहेत, पण त्या वेळी विहिरीच्या ओल्या चिऱ्यावर शेणात हात भरलेल्या त्या बाईसमोर जे वाटलं ते मला देवळात कधी वाटलेलं नाही.

तीन दिवसांत नऊ बिया मिळाल्या. त्यांनी त्या राखेत घोळल्या आणि पेरणीपर्यंत टिकाव्यात म्हणून भिंतीला थापायला आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आपल्या नाही, आमच्या.

"तुझ्या भिंतीला राहू देत. तू बघ."

कार्तिकापासून मिरगापर्यंत मी त्या भिंतीकडे बघत स्वयंपाक केला. उंदीर येईल म्हणून रात्रीची उठले. मिरगाच्या सरी पडल्या तशा काकींनी नऊही बिया गडग्याच्या कडेला लावल्या. आठ दिवस काही दिसेना. मी रोज सकाळी जाऊन माती बघे, आणि काकी तिकडून म्हणत, "उकरू नको गो. आत आहे ते आतच आहे. जातंय कुठं?" दहाव्या दिवशी दोन अंकुर दिसले. एक गोगलगाईने खाल्ला. दुसऱ्याभोवती काकींनी राखेचं रिंगण काढलं आणि मी टोपली पालथी घातली.

त्या एकाचा वेल झाला. गडगा चढला, आमच्या न्हाणीवर आला. आश्विनात काकींनी दोन फळांना चिंध्या बांधल्या. त्यातली एक मी फडताळातून काढून दिलेली, जुनीच. दिवाळीच्या आधी त्या दोन शिंकाळी वळून घेऊन आल्या. एक आमच्या आढ्याला स्वतः टांगलं.

"एकाच घरात कशाला ठेवायचं? तुझंही माहेर लांबच आहे."

आणि त्या भाऊबीजेला तिसरं फळ आम्ही दोघींनी मिळून किसलं. गूळ त्यांनी घातला.

काकी चार वर्षांपूर्वी श्रावणात गेल्या. ताप आला, पाच दिवस अंगात राहिला. शेवटच्या दिवशी मी उशाशी बसले होते, तर मला म्हणाल्या, "पडवळांचे दगड सोडलेस का? देठ तुटतील." मी सोडले आहेत म्हणून सांगितलं. सोडले नव्हते. घरी जाताना सोडले. पुढे मुलगा काकांना मुंबईला घेऊन गेला. घराला कुलूप आहे.

बी माझ्याकडे आहे. शिंकाळं त्यांचंच, अजून सुंभ ढिला पडलेला नाही. दर मिरगाला मी गडग्याच्या आमच्या बाजूला लावते. पण या वर्षी वेल उलटा निघाला. न्हाणीकडे न येता गडगा ओलांडून पलीकडे गेला, काकींच्या मोडक्या मांडवावरून त्यांच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर चढला आणि तिथे त्याने एक मोठं तवसं धरलं.

सासूबाई आता थकल्या आहेत, पण त्यांना दिसतं सगळं. परवा पडवीतून म्हणाल्या, "शिडी लावून काढ गो ते. रिकामं घर, वांदरं नेतील."

"नको," मी म्हणाले. "त्यांच्या बाजूचं त्यांचं."

मी सासूबाईंना तोंडाने असं उत्तर दिलेलं त्यांना आठवत नसावं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही त्या कौलांकडे पाहिलं, आणि जपमाळ पुढे ओढली.

दिवाळी झाली. तवसं आधी पिवळं होतं, आता तांबूस झालं आहे. सकाळी न्हाणीकडे जाताना मी आधी तिकडे बघते. उन्हात असतं.