दिव्यावरची टिकली
जळक्या ऑइलचा वास आला की मला रेणापूरचा तो रस्ता आठवतो आणि डोकं तापतं. दाजी माझी गाडी बिलोलीच्या लग्नाला घेऊन गेले होते. ती परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी लातूरहून निघाले, तर भर उन्हात इंजिन खडखडायला लागलं. गाडी बंद करून नुसती चावी फिरवली. सगळे दिवे लागले, ऑइलचा लाल दिवा तेवढा दिसेना. वाकून पाहिलं तर त्यावर मखमली टिकली चिकटवलेली! नखानं खरवडली, तर खाली दिवा पेटलेलाच होता. बॉनेट उघडलं; ऑइल मोजायची पट्टी कोरडी, फिल्टरपाशी गळती. गाडी ओढून गॅरेजला नेली, नवा फिल्टर आणि नवं ऑइल पडलं, तेव्हा कुठे तो दिवा विझला. फोनवर दाजी हसत म्हणाले, "लई डोळ्यात येऊन राहिला होता तो. तुझी ताई सारखी 'थांबा, थांबा' करून राहिली, मग तिच्याच कपाळाची टिकली काढून लावली." माझा आवाज चढला तशी आई म्हणाली, "जावयाला असं बोलू न्हाई." मी बोललेच, शेजाऱ्यांना ऐकू जाईपर्यंत. ताई आता गाडी शिकलीय. परवा दाजींनी पुन्हा गाडी मागितली. मी चावी ताईच्या हातात दिली आणि म्हटलं, "दाजी, तुम्ही बाजूला बसा."