अर्धविरामानंतरचा हुकूम

अमरावतीत आम्ही दोघी मैत्रिणींनी सॉफ्टवेअरचं छोटं काम सुरू केलं होतं. त्यात अकोल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं काम माझ्याकडे आलं. सरांची उभी हयात कपाशी आणि संत्र्याच्या रोगांमागे गेली होती. काचबिंदूनं नजर अधू झाली, पण शेतकरी अजून त्यांनाच विचारायचे. म्हणून त्यांना बोललेलं ऐकणारा, आलेले फोटो नीट लावून ठेवणारा एआय मदतनीस हवा होता.

"मी वऱ्हाडीतच बोलीन. चालते ना त्याले?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"चालते, सर."

त्यांच्याकडची खरी ठेव म्हणजे चित्रं. त्यांच्या पत्नी शाळेत चित्रकला शिकवायच्या. सुट्टीत सरांबरोबर शेतांवर जाऊन त्यांनी रोगट पानांची रंगीत चित्रं काढली होती. त्या गेल्यावर ती ट्रंकेत पडून होती आणि कडांना उदई, म्हणजे वाळवी, लागली होती. मी ती सगळी स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवली. रोजची एक प्रत राहावी म्हणून त्यालाच एक डिस्क कायमची जोडून दिली आणि म्हटलं, "सर, आता कागद कशाला ठेवता? उदई घरभर पसरेल." त्यांनी ट्रंक रिकामी करून कागद फेकून द्यायला सांगितलं.

शेतकऱ्यांना पानाचा फोटो पाठवायला मी एक लिंक दिली होती. फोटो आला की मदतनीस तो योग्य फोल्डरमध्ये हलवायचा. त्यासाठी फाइलचं नाव जसंच्या तसं एका ओळीत चिकटवून ती ओळ माझा प्रोग्राम कॉम्प्युटरला हुकूम म्हणून देत होता. मैत्रिणीनं माझं काम तपासताना तिथंच बोट ठेवलं.

"हे नाव बाहेरून येतंय. कोणी नावात अर्धविराम टाकून पुढे दुसराच हुकूम लिहिला तर? अर्धविराम आला की कॉम्प्युटरच्या लेखी पुढे नवा हुकूम. तो दोन्ही पाळेल."

"अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरवर कोण हल्ला करणार आहे?" मी हसून म्हणाले. नंतर बदलू म्हटलं, आणि राहून गेलं.

काही महिन्यांनी सकाळी सरांचा फोन आला. "बेटा, तो मदतनीस मनते का फोल्डर रिकामं हाये. माह्या बायकोची चित्रं कुठी गेली?"

मिळेल त्या गाडीनं मी अकोला गाठलं. नोंदी उघडल्या. पहाटे कोणीतरी एक फाइल पाठवली होती. नावात सुरुवातीला पान असा शब्द, मग अर्धविराम, आणि पुढे सगळं पुसून टाकण्याचा हुकूम. मदतनीसानं तो निमूटपणे पाळला होता. जोडलेली डिस्कही पुसली गेली होती. मी दुपारपर्यंत धडपडले. काही हाती लागलं नाही.

"कोणाचं काम असन?" सरांनी विचारलं.

"पाठवणारा बहुधा सापडणार नाही. पण दार मीच उघडं ठेवलं होतं, सर. मैत्रिणीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी रिकाम्या ट्रंकेकडे मान वळवली. मग म्हणाले, "मंग कागद काऊन फेकाले लावले?"

मी नोंदी बंद केल्या.

"आज जा तू," ते म्हणाले.

मैत्रीण मला एका शब्दानंही लागट बोलली नाही. जिथं जिथं तशी ओळ होती, ते आमचं प्रत्येक काम तिनं त्याच दिवशी बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एकेका गिऱ्हाईकाला फोन करून काय चुकलं ते सांगितलं. अचलपूरच्या एका दुकानदारानं शिव्या घातल्या. त्या ऐकून घेतल्या. नावं आता हुकुमापासून वेगळी जातात, त्यात काहीही लिहिलं तरी ते नुसतं नावच राहतं. चार ओळींचा बदल होता.

पंधरवड्यानं सरांचा पुन्हा फोन आला. "येशीन का? लिहून घ्याचं हाये."

मी वही घेऊन गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून थोड्या चित्रांच्या प्रती आल्या होत्या. उरलेली ते आठवून सांगू लागले.

"कपाशीचं, दह्या रोगाचं पान. पांढरे डाग, शिरांमधी अडकलेले. ती पांढरा रंग नाई लावे. तेवढा कागद कोराच ठेवे. लिहिलं?"

"हो, सर."

"संत्र्याची डिंक्या रोगाची फांदी लई दिवस जमली नाई तिले. तीनदा फाडली."

ते डोळे मिटून बोलत. मध्येच थांबत, आणि मी पेन तसंच धरून बसे. त्यांनी मला माफ केलं का, मी कधी विचारलं नाही. तेही त्यावर बोलले नाहीत. वर्षभर मी रविवारी जात राहिले.

मदतनीस त्यांनी परत सुरू करू दिला नाही. शेतकरी आता फोन करतात, पानाचं वर्णन सांगतात, आणि सर पलीकडून विचारत बसतात, "डाग कोरडा हाये का ओला? बोट लावून पाह्य."