रिकामा रकाना आणि साळुंके मॅडम

निर्मला साळुंके मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते दुष्काळातल्या एका मार्च महिन्यात, एका सरकारी कार्यालयाच्या तळमजल्यावर. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. मी तिथे कंत्राटी संगणक-चालक होतो. पाणी, हवा, जंगल, कचरा अशा निरनिराळ्या खात्यांकडची माहिती एकाच संकेतस्थळावर आणून ती नागरिकांना खुली करायची, असा तो उपक्रम होता. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी आमच्या खोलीत एक संगणक ठेवला होता. त्यापुढे सहसा कोणी बसत नसे. मॅडम बसल्या. वैजापूर रस्त्याकडच्या एका गावाची सार्वजनिक विहीर त्यांनी शोधली. पाण्याच्या गुणवत्तेच्या रकान्यात लिहिलेले होते, 'तपासणी झालेली नाही'. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही तपासणी मीच केलेली आहे."

मॅडम पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या आणि वर्षभरापूर्वी निवृत्त झाल्या होत्या. शहर त्या बाजूला वाढत होते. नव्या वसाहतींना गटारे नव्हती. मैला नाल्यात आणि नाला झिरपून विहिरीत, असा प्रकार होता. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर गेल्याचे मॅडमनी अहवालात नोंदवले होते आणि खाली 'पिण्यास अयोग्य' असा स्पष्ट शेरा दिला होता. दुष्काळात त्याच विहिरीवर टँकर भरले जात होते.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला प्रसन्न लेख मागितला आहे. तो मला जमणार नाही, कारण रकाना रिकामा करणारा मीच होतो. मॅडमच्या अहवालातला आकडा मी आधी भरला होता. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी बोलावून तो काढायला सांगितला. रकाना मोकळा असला की ते वाक्य तिथे आपोआप उमटत असे, म्हणजे खोटे लिहिण्याचे पापही कोणाच्या नावावर पडत नसे. मी काढला. त्या दिवशी मॅडमपुढे मी मान खाली घालून बसलो आणि माहीत नाही म्हणालो.

आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मधल्या काळात त्या एसटीने त्या गावी जाऊन आल्या होत्या. तिथे कौसाबाई नावाच्या आजीबाई त्यांना भेटल्या. त्यांची नात तीन महिन्यांची, वरच्या दुधावर वाढणारी. ओठ निळे पडले म्हणून तिला दोनदा सरकारी दवाखान्यात न्यावे लागले होते. कौसाबाईंनी मॅडमना सांगितले होते, "आमाला कुनी सांगितलंच नाय, बाई. मी तर गाळून, उकळून पाजत व्हते."

नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, ओठ निळे पडतात ते त्यानेच, हे मॅडमनी मला समजावले. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. म्हणजे ती म्हातारी जितकी काळजी घेत होती, तितकेच पोरीचे नुकसान होत होते. आणि ज्या एका ओळीने ते थांबले असते, ती ओळ मी पुसली होती.

मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमची नोकरी कंत्राटी आहे, मी तुमचं नाव घेणार नाही. आकडा भरला होता का, एवढंच सांगा." मी हो म्हणालो. माझ्यावर त्या चिडल्या असत्या तर मला हलके वाटले असते. त्या चिडल्या नाहीत.

त्यांनी माझे नाव खरोखरच घेतले नाही. संकेतस्थळावर कोणता आकडा केव्हा बदलला याची नोंद संगणकात राहतेच. ती नोंद त्यांनी रीतसर अर्ज करून मागितली. टाळाटाळ झाली, त्यांनी अपील केले. सुनावणीला मी कागद घेऊन कोपऱ्यात उभा होतो. साहेबांचे म्हणणे असे, की ऐन उन्हाळ्यात असे आकडे दाखवले तर लोक घाबरतील. मॅडम म्हणाल्या, "घाबरलेला माणूस दुसरीकडून पाणी आणतो, साहेब. निर्धास्त माणूस तेच पीत राहतो. तुम्ही लोकांना निर्धास्त ठेवलंत."

आकडा परत आला. त्या विहिरीवरचे टँकर बंद झाले. कौसाबाईंची नात वाचली, आता शाळेत जाते. साहेबांना बढती मिळाली. माझे कंत्राट पुढे वाढले नाही. कोणालाही शिक्षा झाली नाही, माफीही कोणी मागितली नाही.

नोकरी गेल्याचे कळताच मॅडम आमच्या भाड्याच्या खोलीवर आल्या. सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. रसायनशास्त्राची पुस्तके पुढ्यात ठेवून म्हणाल्या, की आकडे नुसते भरू नका, समजून घ्या. दोन वर्षे रोज सकाळी त्यांनी मला शिकवले. चूक झाली की उत्तर पुन्हा लिहायला लावत आणि लिहून झाले की पोहे पुढे करत. आज मी एका प्रयोगशाळेत पाणी तपासतो, ते त्यांच्यामुळे. पुढे सोयगावपर्यंतच्या गावांत जाऊन त्यांनी बायकांना मोबाइलवर आपल्या विहिरीचा अहवाल कसा पाहायचा हे शिकवले. 'तपासणी झालेली नाही' असे दिसले, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचे, हेही शिकवले.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी ते संकेतस्थळ उघडून पाहिले. देखभालीसाठी बंद आहे. गेल्या उन्हाळ्यातही बंदच होते. बंद ठेवणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे, विचारणारी माणसे म्हातारी होतात, दमतात, घरी बसतात.

पंचाहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या मॅडमचा गुडघा आता दुखतो. माहिती अधिकाऱ्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालत नाही. तरीही गेल्या सोमवारी त्या कठड्याला धरून वर गेल्या आणि संकेतस्थळ का बंद आहे हे विचारणाऱ्या अर्जाची पोच घेऊनच खाली आल्या. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, त्या दाराआड बसलेल्यांच्या कारकिर्दीहून कितीतरी दीर्घ. पुढच्या सोमवारी मात्र अर्ज घेऊन मी वर जाणार आहे. मॅडमनी घरी बसून निवांत चहा घ्यावा.