हायफाँगहून आलेली पाहुणी

महानंदा लाइनवर ओरडत नाही. देवनहळ्ळीच्या रस्त्यावरच्या त्या जॅकेटांच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण बाकीचे सुपरवायझर दिवसभर ओरडत असतात. ती नुसती मशीनमागे येऊन उभी राहते. त्या उभं राहण्यालाच बायका घाबरतात, आणि घाबरूनही तिच्याच लाइनवर जागा मागतात. माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागून ती बेंगळुरूला आली. नवरा परसू शाळेची व्हॅन चालवतो. महानंदा धागे कापायला म्हणून लागली आणि टेलर होऊन, बोटांत सुया मोडून घेऊन, शेवटी लाइनची अक्का झाली.

तिला मशीनवर बसवलं कावेरीने. कावेरी चिकोडीची, वयाने मोठी, कॉलर लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या महानंदाला तिने स्वतःच्या स्टुलावर बसवलं, साहेब ओरडला तर "माझी धाकटी बहीण हाय" म्हणून ठणकावलं. नातं काही नव्हतं, पण तेव्हापासून ती कावेरक्का झाली. आता मात्र कावेरक्काचं उजवं मनगट सुजतं. सकाळी हात चालतो, दुपारनंतर बोटं आखडतात आणि कॉलरचे गठ्ठे साचू लागतात. मग शेजारच्या दोघी काही न बोलता तिच्या टेबलावरचे गठ्ठे आपल्याकडे ओढून घेतात. कोणाचं पोट दुखतं, कोणी पाळणाघरात लेकराला पाजायला जाते. त्यांचंही असंच ओढलं जातं. कागदावर या लाइनवर कोणी मागे पडत नाही. महानंदा हे बघते आणि न बघितल्यासारखं करते.

असं सुखाने चाललेलं असताना पुण्याचा ध्रुव तिला मीटिंगरूममध्ये घेऊन गेला. प्लॅनिंगमध्ये नवीन लागलेला हा पोरगा, मारतहळ्ळीत राहतो, बोलतो गोड. भिंतीवर त्याने दोन रकाने पाडले होते. एकावर भारताचा झेंडा, दुसऱ्यावर व्हिएतनामचा.

"अक्का, सिंपल आहे. युरोपचा एक कस्टमर आहे, मोठी ऑर्डर आहे. एक तर आपल्याला मिळेल, नाही तर व्हिएतनामला, हायफाँगच्या फॅक्टरीला. कस्टमर त्या फॅक्टरीचीच टेक्निशियन पाठवतोय, आपल्या लाइनचा स्पीड मोजायला. सेम जॅकेट, सेम मशीन. मग कंपॅरिझन."

"आनी न्हाई मिळाली तर?"

"तर तुमची लाइन बंद करतील. ऑफिशियली कोणी बोलत नाहीये, पण मला माहितीय."

नंतर त्याने तिला रकाने समजावून सांगितले. चाळीस वर्षांमागे ते लोक आपल्याहून गरीब होते. युद्धातून उठले होते, खायला तांदूळ नव्हता. मग शहाऐंशी साली त्यांनी बाजाराची दारं उघडली, आपण एक्क्याण्णवला. तेवढ्या फरकाने काय होतंय, असं वाटेल. पण आज त्यांचं माणशी उत्पन्न आपल्या दीडपटीच्या वर. दहातल्या सात बायका कामाला जातात. बंदरं जवळ, वीज जात नाही, पोरी निदान नववी-दहावीपर्यंत शिकलेल्या.

महानंदाच्या डोक्यात त्यातलं एकच राहिलं. त्यांच्यावर बॉम्ब पडले होते. आमच्यावर काय पडलं होतं, की सातवीत शाळा सुटावी? हे तिने ध्रुवला विचारलं नाही. त्याच्या रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती.

आता पाहुणे यायचे म्हटल्यावर आपल्याकडे जे करतात तेच तिने केलं. नको ते आत, चांगलं ते पुढे. दुसऱ्या लाइनींतल्या चटपटीत पोरी दोन दिवसांसाठी मागून घेतल्या आणि आपल्या हळू हातांच्या बायका तिकडे धाडल्या. कोणी हरकत घेतली नाही. लाइन वाचवायची होती. फक्त कावेरीला दुसऱ्या लाइनवर कोणी घेईना. तेव्हा महानंदा तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "कावेरक्का, उद्या कामगार दवाखान्यात जाऊन ये. हात दाखीव एकदा नीट. हजेरीचं मी बघते."

कावेरीचा चेहरा इतका उजळला, की महानंदाला तिच्याकडे बघवेना.

पाहुणी आली. थुई नाव, चाळिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले, गळ्यात स्टॉपवॉच. ती प्रत्येक मशीनपाशी थांबायची, बटण दाबायची, आकडा टिपायची आणि पुढे सरकायची. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. पोरी जीव तोडून शिवत होत्या. फ्लोअर मॅनेजर विद्याधर लांबून अंगठा दाखवत होता आणि ध्रुवचे कान आनंदाने लाल झाले होते.

महानंदाला मात्र सकाळीच खोट दिसली. आधी कसं सुचलं नाही, याचा तिला स्वतःचाच राग आला. हे जे आकडे टिपले जात होते, तेच उद्याचं टार्गेट होणार होतं. ऑर्डर मिळाली की या पोरी आपापल्या लाइनवर परत जातील, आणि हा वेग तिच्या बायकांच्या मानेवर बसेल. कावेरी पहिल्या आठवड्यातच गळेल, आणि तिच्या मागून बाकीच्या. ऑर्डर नाही मिळाली तर लाइनच गेली. कुठूनही बघितलं तरी कावेरी जात होती.

चहाच्या सुट्टीत थुई कँटीनमध्ये तिच्याशेजारी येऊन बसली. भाषा दोघींत एकही नव्हती, ध्रुव मध्ये बसून इंग्रजीतून इकडचं तिकडे करत होता. थुईने मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला. तिची आई, हातात पिशवी, बायकांच्या लांब रांगेत. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षं तांदूळ कुपनावर मिळायचा, ध्रुवने सांगितलं. पहाटे दगड ठेवून नंबर लावायचे.

"दगड?" महानंदा एकदम म्हणाली. "आमी बी दगडच ठेवायचो. रॉकेलच्या रांगेत. आईचा दगड मीच ठेवून यायची."

ध्रुवने ते सांगितल्यावर थुई पहिल्यांदा हसली. मग ती ध्रुवकडे वळून काही बोलली.

"काय म्हणती?"

"म्हणतेय, तिच्याकडेही पगार वाढल्यामुळे ऑर्डरी दुसरीकडे जायला लागल्यात. ही नाही मिळाली तर तिची लाइन बंद."

महानंदाने चहाचा पेला खाली ठेवला. म्हणजे ही बाई स्वतःच्याच लाइनविरुद्ध आमचा हिशेब मांडायला आली आहे. हिचा भरवसा धरायचा कसा? आणि हिचा राग तरी धरायचा कसा?

सुट्टीनंतर व्हायचं तेच झालं. पोरी हाताला पक्क्या होत्या, पण एकमेकींना परक्या होत्या. खिसे लावणारी अडकली आणि तिच्यासमोर ढीग चढू लागला. शेजारची आपलं काम संपवून हात बांधून बसली. ओढून घ्यायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. थुई त्या ढिगाशी आली. नंतर कॉलरच्या मशीनशी. तिथली पोरगी कात्री शोधायला डावीकडे हात घालत होती आणि कात्री उजवीकडे टांगलेली होती. थुईने स्टॉपवॉच बंद केलं. पोरीकडे बोट दाखवून तिने ध्रुवला काहीतरी विचारलं.

ध्रुव महानंदाच्या जवळ सरकला. मराठीत, हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, विचारतेय, ही रोज इथेच बसते का. हो म्हणा. प्लीज."

मशीनी चालू होत्या, पण शेजारच्या दोघींचे पाय पेडलवर थांबले. विद्याधर लांबून येताना दिसत होता. तो पोचायच्या आत काय ते व्हायला हवं होतं.

"न्हाई," महानंदा म्हणाली.

"अक्का!"

"न्हाई म्हणून सांग तिला. ही खुर्ची कावेरीची हाय. आनी निम्म्या पोरी माझ्या न्हाईत. सगळं सांग. तू सांगणार नसशील तर मी हातांनी सांगते."

तिने खरोखरच हातांनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा ध्रुवला तोंड उघडावं लागलं. थुई ऐकत होती, मान हलवत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिच्याकडेही पाहुण्यांपुढे हेच करत असावेत. वहीचं सकाळचं पान तिने आडवी रेघ मारून रद्द केलं आणि घड्याळावर बोट ठेवून दुपार दाखवली. तुमच्या बायका आणा.

विद्याधरने महानंदाला सर्वांदेखत काय काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने ऐकून घेतलं आणि बायकांना परत बोलावलं. आल्या सगळ्या. कावेरी सोडून, ती दवाखान्याच्या रांगेत होती आणि फोन उचलत नव्हती.

दुपारभर लाइन चालली. हात हळू होते, पण ढीग कुठे चढला नाही. कॉलरची खुर्ची रिकामी होती आणि शेजारच्या दोघी रोजच्यासारख्या तिचे गठ्ठे ओढून घेत होत्या. संध्याकाळी ध्रुवने आकडा बघितला, पुन्हा बघितला. "अक्का, अनबिलिव्हेबल! सकाळएवढाच निघालाय माल!" महानंदाला इतकं हलकं वाटलं, की तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. आता टार्गेट तिच्या बायकांच्या हाताचं ठरणार होतं. जाताना थुई रिकाम्या खुर्चीपाशी थांबली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि महानंदाचा हात दोन्ही हातांत धरून निघून गेली.

महिन्याभराने निकाल लागला. मोठी ऑर्डर हायफाँगला गेली. लाइनवर कुजबुज सुरू झाली, की अक्काच्या खरेपणाने घात केला. पण ध्रुवने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचा काही संबंध नाही, अक्का. स्पीड दोघांचा जवळजवळ सेम. युरोपशी त्यांचा करार केव्हाच लागू झालाय, त्यांच्या मालावर कर कमी लागतो. आपला करार अजून लागू व्हायचाय. हे आधीपासून माहीत होतं, खरं तर."

"मग मोजायला कशाला आलती ती?"

ध्रुवने खांदे उडवले. महानंदाला त्या खांद्यांचा संताप आला. घाम गाळला बायकांनी, आणि निकाल लागला कुठल्यातरी टेबलावर, तिथे ही लाइन कोणाच्या गावीही नव्हती.

"लाइन बंद नाही होणार पण," तो घाईने म्हणाला. "लोकल एक छोटी ऑर्डर आहे, ती तुम्हालाच. त्या दुपारच्या आकड्यावरच प्लॅन केलाय. फक्त एक माणूस कमी."

"कोण?"

"कॉलर. त्या दिवशी खुर्ची रिकामी होती ना, आणि माल तेवढाच निघाला. रिपोर्टमध्ये आलंय तसं."

बायकांनी माया केली ती मोजली गेली होती, आणि बेरीज कावेरीच्या विरुद्ध निघाली होती. महानंदा विद्याधरकडे गेली, भांडली, आयुष्यात पहिल्यांदा फ्लोअरवर ओरडली. काही उपयोग झाला नाही.

कावेरीची खोली देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागे. महानंदा गेली तेव्हा ती दारात बसून डाव्या हाताने अवरेच्या, आपल्या पावट्यासारख्या, शेंगा सोलत होती. बातमी आधीच पोचली होती.

"बस," ती म्हणाली. "चहा ठेवू? स्वल्प घे."

महानंदाने भडाभडा सगळं सांगितलं. करार, कर, रिकामी खुर्ची, विद्याधरशी झालेलं भांडण. "मी खरं तेच बोलले, कावेरक्का. साहेब समोरून येत असताना त्या बाईला सांगितलं, ही खुर्ची तुझी हाय म्हणून."

"पोरींनी सांगितलं मला ते." कावेरीचा हात थांबला नव्हता. "त्या परक्या बाईला सांगितलंस. मला कुठं सांगितलंस? आदल्या दिशी म्हणायचं हुतं, कावेरक्का, तुझा हात चालत न्हाई, उद्या येऊ नको. मी आले नसते गं. लाइनीपायी मी गप घरात बसले असते."

महानंदाने समोरच्या थोड्या शेंगा आपल्याकडे ओढून घेतल्या.

"दवाखान्यात पाठवलंस तू मला," कावेरी म्हणाली. "आनी मी खुळी, दिसभर त्या रांगेत बसून बाजूच्या बाईला सांगत हुते, की आमची महानंदा सख्ख्या भणीपरीस माया करती. एवढ्या कामाच्या दिशी माझ्या हाताची काळजी घेतली तिनं."